निकोसियाची हिरवी रेषा : एका राजधानीच्या फाळणीचे टप्पे

भूमध्य समुद्राच्या पूर्व टोकाला, तुर्कस्तानच्या दक्षिणेस, सायप्रस हे सुमारे सव्वानऊ हजार चौरस किलोमीटरचे बेट आहे. त्याची राजधानी निकोसिया गेल्या अर्ध्या शतकाहून अधिक काळ मधोमध दुभंगलेली आहे. शहराच्या दक्षिण भागात प्रामुख्याने ग्रीक भाषक सायप्रसी राहतात आणि तेथे जगाने मान्य केलेल्या सायप्रस प्रजासत्ताकाचा कारभार चालतो. उत्तर भागात प्रामुख्याने तुर्की भाषक राहतात आणि तेथे ज्या राज्याचा कारभार चालतो त्याला तुर्कस्तानखेरीज एकाही देशाने मान्यता दिलेली नाही. या दोहोंच्या मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या देखरेखीखाली असलेला, शहरात बव्हंशी निर्मनुष्य असा पट्टा आहे. हा पट्टा आणि त्याच्या दोन्ही कडांना उभे असलेले अडथळे या सगळ्याला मिळून ‘हिरवी रेषा’ असे म्हणतात.

बर्लिनची भिंत कोणी, कधी आणि कशासाठी उभारली, हे एका वाक्यात सांगता येते. १३ ऑगस्ट १९६१ रोजी पूर्व जर्मनीच्या सरकारने, आपले नागरिक पश्चिमेकडे निघून जाऊ नयेत म्हणून, ती उभारण्यास सुरुवात केली. निकोसियाच्या बाबतीत असे एका वाक्यातले उत्तर मिळत नाही, आणि हा विषय समजण्यास अवघड वाटतो तो त्यामुळेच. येथील अडथळा १९५६, १९५८, १९६३ आणि १९७४ अशा टप्प्यांनी वाढत गेला. सुरुवातीच्या प्रत्येक टप्प्यावर रक्तपात थांबवण्यापुरती तात्पुरती व्यवस्था म्हणूनच तो उभा केला गेला, आणि प्रत्येक वेळी ती तात्पुरती व्यवस्था पुढच्या टप्प्याचा पाया ठरली. ग्रीक सायप्रसी माणूस ही हकीकत बहुधा १९७४ पासून सांगू लागतो, तुर्क सायप्रसी माणूस १९६३ पासून. दोघेही खरेच सांगत असतात. मात्र ज्याने या दोन्ही वर्षांचा हिशेब एकत्र मांडला नाही, त्याला ही रेषा समजली असे मला वाटत नाही.

शहराच्या रचनेपासून सुरुवात करणे सोयीचे होईल. व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी १५६७ मध्ये उस्मानी आक्रमणाच्या धास्तीने निकोसियाभोवती अकरा बुरुजांची आणि तीन वेशींची वर्तुळाकार तटबंदी बांधण्यास घेतली. त्या वेळी शहराच्या मधून वाहणाऱ्या पेडिओस नदीचा प्रवाह त्यांनी वळवून तटाबाहेर काढला. तटबंदीचा उपयोग झाला नाही. १५७० मध्ये काही आठवड्यांच्या वेढ्यानंतर शहर उस्मानी फौजांच्या हाती पडले. नदीचे कोरडे पात्र मात्र शहराच्या पोटात पूर्व-पश्चिम तसेच राहिले, आणि कालांतराने त्याच वाटेवर एर्मू नावाचा बाजाररस्ता वसला. उस्मानी राजवटीत तटाच्या आतील उत्तर भागात मुसलमानांची आणि दक्षिण भागात ख्रिश्चनांची वस्ती अधिक असे, पण अनेक मोहल्ले मिश्र होते. बाजारपेठ तर सर्वांचीच होती; ग्रीक, तुर्क आणि आर्मेनियन व्यापारी तेथे शेजारी शेजारी धंदा करीत. आज तटाच्या आतील हिरवी रेषा जवळपास याच बाजाररस्त्याच्या वाटेने जाते. ज्या जागी शहर एकमेकांत सर्वाधिक मिसळत होते, नेमके तेथेच ते चिरले गेले.

ब्रिटिशांनी १८७८ मध्ये बेटाचा कारभार उस्मानी साम्राज्याकडून घेतला आणि १९२५ मध्ये सायप्रसला रीतसर वसाहत म्हणून जाहीर केले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बेटावरील सुमारे अठ्ठ्याहत्तर टक्के लोक ग्रीक आणि अठरा टक्के लोक तुर्क होते. ग्रीक सायप्रसींच्या राजकारणाचे मुख्य ध्येय स्वतंत्र सायप्रस हे नव्हतेच. त्यांना ग्रीस देशात विलीन व्हायचे होते. या विलीनीकरणाच्या मागणीला ‘एनोसिस’ म्हणत, आणि त्यासाठी एप्रिल १९५५ मध्ये ‘एओका’ या गुप्त संघटनेने ब्रिटिशांविरुद्ध सशस्त्र लढा सुरू केला. ग्रीसमध्ये आपण नगण्य अल्पसंख्य ठरू, या भीतीने तुर्क सायप्रसींच्या पुढाऱ्यांनी ‘ताक्सीम’ म्हणजे बेटाच्या वाटणीची मागणी पुढे केली, आणि त्यांचीही ‘टीएमटी’ ही सशस्त्र संघटना उभी राहिली. ब्रिटिशांनी पोलीस दलात तुर्क सायप्रसींची मोठ्या प्रमाणावर भरती केली. त्यामुळे एओकाने पोलिसावर गोळी झाडली की पुष्कळदा मरणारा तुर्क असे, आणि वसाहतीविरुद्धचा लढा पाहता पाहता दोन समाजांमधील वैराचे रूप घेई.

अशाच हत्यांनंतर उसळलेल्या दंगली आवरण्यासाठी ब्रिटिश लष्कराने १९५६ मध्ये जुन्या शहरात काटेरी तार टाकली आणि तिच्यावरील फाटके गरजेप्रमाणे उघडण्या-मिटण्याची सोय ठेवली. अमेरिकेतील उत्तर आणि दक्षिण राज्यांना विभागणाऱ्या प्रसिद्ध रेषेवरून या तारेला ‘मेसन-डिक्सन रेषा’ असे नाव मिळाले. १९५८ च्या उन्हाळ्यात याहून भीषण दंगली झाल्या आणि तार पुन्हा, अधिक कडक पहाऱ्यासह, ताणली गेली. त्याच वर्षी तुर्क सायप्रसींनी निकोसियात आपली वेगळी नगरपालिका सुरू केली. शहराच्या फाळणीचा हा टप्पा पुष्कळदा नजरेआड होतो, म्हणून त्याकडे मुद्दाम लक्ष वेधावेसे वाटते. तार काढून टाकता येते. पण कर कोणाला भरायचा आणि दुकानाचा परवाना कोणाकडून घ्यायचा, हे एकदा वेगळे झाले की ते पुन्हा एकत्र आणणे फार कठीण जाते.

झुरिक आणि लंडन येथील करारांनंतर १६ ऑगस्ट १९६० रोजी सायप्रस स्वतंत्र झाले. आर्चबिशप मकारिओस हे राष्ट्राध्यक्ष आणि डॉ. फाझिल कुचुक हे उपराष्ट्राध्यक्ष झाले. ब्रिटन, ग्रीस आणि तुर्कस्तान हे तीन देश या व्यवस्थेचे हमीदार ठरले. राज्यघटनेने एनोसिस आणि ताक्सीम या दोन्ही मागण्यांना मनाई केली आणि सत्तेची काटेकोर वाटणी केली. प्रतिनिधिगृहात पन्नासपैकी पस्तीस जागा ग्रीकांना आणि पंधरा तुर्कांना, सरकारी नोकऱ्यांत सत्तर-तीस, सैन्यात साठ-चाळीस. महत्त्वाच्या विषयांवर उपराष्ट्राध्यक्षांना नकाराधिकार होता, आणि करविषयक कायद्यांसाठी दोन्ही समाजांच्या प्रतिनिधींचे वेगवेगळे बहुमत लागे. आपल्याला संख्येपेक्षा कमी मिळाले असे ग्रीकांना वाटे, आणि हे संरक्षण गेले तर आपले काहीच उरणार नाही असे तुर्कांना वाटे.

या घटनेत पाच मोठ्या शहरांसाठी स्वतंत्र ग्रीक आणि तुर्क नगरपालिकांची तरतूद होती. व्यवहारात तिची हद्द ठरवायची कोठून, हा प्रश्न सुटेना. निकोसियाच्या बाजारपेठेत एकाच गल्लीत दोन्ही समाजांची दुकाने असताना नकाशावर रेघ ओढायची तर ती कोणाच्या तरी उंबऱ्यावरून जाणार, हे उघड होते. हा वाद १९६२ च्या अखेरीस चिघळला, न्यायालयात गेला आणि तेथेही मिटला नाही. ३० नोव्हेंबर १९६३ रोजी मकारिओस यांनी राज्यघटनेत तेरा दुरुस्त्या सुचवल्या. त्यांपैकी एक संयुक्त नगरपालिकांची होती आणि आणखी एक नकाराधिकार काढून टाकण्याची. तीनच आठवड्यांनी, २१ डिसेंबरच्या पहाटे, निकोसियात गोळीबार झाला आणि शहर पेटले.

१९६३ च्या नाताळातील हा रक्तपात तुर्क सायप्रसींच्या स्मृतीत आजही ताजा आहे. ओमोर्फिता या मिश्र उपनगरातून तुर्क कुटुंबे जीव मुठीत धरून पळाली. पुढील काही महिन्यांत संपूर्ण बेटावर सुमारे २५,००० तुर्क सायप्रसी, म्हणजे त्यांच्या समाजाचा जवळपास चौथा हिस्सा, घरदार सोडून संरक्षित वस्त्यांमध्ये दाटीवाटीने राहू लागला. जुन्या शहराच्या तुर्क भागात शतकानुशतके राहिलेल्या आर्मेनियन लोकांनाही घरे आणि आपले चर्च सोडून दक्षिणेकडे जावे लागले. त्यांची हकीकत दोन मोठ्या समाजांच्या वादात फारशी सांगितली जात नाही.

हिंसाचार थांबवण्यासाठी हमीदार देशांनी ब्रिटिश सेनापती मेजर जनरल पीटर यंग यांच्या नेतृत्वाखाली संयुक्त दल नेमले. ३० डिसेंबर १९६३ रोजी शहराच्या नकाशावर दोन्ही बाजूंच्या ठाण्यांमधून त्यांनी एक रेषा आखली. ती आखताना वापरलेली पेन्सिल हिरवी होती, आणि हिरवी रेषा हे नाव त्यामुळेच पडले. ही रेषा सीमा म्हणून आखलेली नव्हती. कोणाच्या सैनिकांनी कोठे थांबायचे, एवढेच ती सांगत होती.

४ मार्च १९६४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १८६ क्रमांकाचा ठराव करून सायप्रससाठी शांतिसेना नेमली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस ती कामाला लागली. सुरुवातीला तिला अवघ्या तीन महिन्यांची मुदत दिली होती; तेव्हापासून ती मुदत सतत वाढवण्यात येत आहे. या सेनेच्या इतिहासाशी भारताचा निकटचा संबंध आहे. तिचे पहिले प्रमुख लेफ्टनंट जनरल प्रेमसिंग ग्यानी हे भारतीय होते. त्यांच्यानंतर भारताचे माजी लष्करप्रमुख जनरल थिमय्या आले आणि डिसेंबर १९६५ मध्ये सायप्रसमध्ये कर्तव्यावर असतानाच त्यांचे निधन झाले. सायप्रसने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. १९७४ मध्ये युद्ध पेटले तेव्हाही शांतिसेनेची सूत्रे दिवाण प्रेमचंद या भारतीय सेनाधिकाऱ्याकडेच होती.

१९७४ मधील घटनाक्रम वेगवान होता. १५ जुलै रोजी ग्रीसमधील लष्करी राजवटीच्या चिथावणीवरून सायप्रसच्या नॅशनल गार्डने मकारिओस यांच्याविरुद्ध बंड केले आणि एनोसिसचा कट्टर समर्थक निकोस सॅम्पसन याला राष्ट्राध्यक्षपदी बसवले. पाच दिवसांनी, हमीदार म्हणून आपल्याला हस्तक्षेपाचा हक्क आहे असे सांगत तुर्कस्तानने उत्तर किनाऱ्यावर सैन्य उतरवले. २२ जुलैला शस्त्रसंधी झाली. बंडाची राजवट कोसळली आणि अथेन्समधील लष्करशाहीही. त्यानंतर जिनिव्हा येथे वाटाघाटी चालू होत्या. त्या फिसकटताच १४ ऑगस्ट रोजी तुर्की सैन्याने दुसरी मोहीम सुरू केली आणि १६ ऑगस्टच्या शस्त्रसंधीपर्यंत बेटाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग ताब्यात घेतला. पहिल्या मोहिमेचे समर्थन करणारे जगात काही होते. बंड मोडल्यानंतरच्या या दुसऱ्या मोहिमेचे समर्थन करणे फार अवघड आहे, असे माझे मत आहे. दीड लाखांहून अधिक ग्रीक सायप्रसी दक्षिणेकडे निर्वासित झाले. दक्षिणेतील चाळीस हजारांहून अधिक तुर्क सायप्रसी उत्तरेकडे गेले. मिश्र वस्त्या जवळपास संपल्या, आणि निकोसियातील हिरवी रेषा पूर्वेकडे व पश्चिमेकडे वाढून समुद्रापासून समुद्रापर्यंत पोहोचली.

हा अडथळा प्रत्यक्षात कसा आहे, हे नीट समजून घ्यायला हवे, कारण ‘रेषा’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे एकच भिंत येते. वास्तविक येथे शस्त्रसंधीच्या दोन रेषा आहेत. दक्षिणेकडील रेषा नॅशनल गार्डची आणि उत्तरेकडील तुर्की सैन्याची. १६ ऑगस्ट १९७४ रोजी ज्याचे सैनिक जेथे होते तेथे ती थांबली. या दोहोंमधील जागा म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा मध्यवर्ती पट्टा. त्याची लांबी सुमारे १८० किलोमीटर आणि क्षेत्रफळ सुमारे ३४६ चौरस किलोमीटर आहे. बेटाच्या मोकळ्या भागात त्याची रुंदी सात किलोमीटरपेक्षाही अधिक होते, तेथे गावे आहेत आणि शेतीही होते. जुन्या निकोसियात मात्र तो काही ठिकाणी जेमतेम तीन-साडेतीन मीटर उरतो. शहरातील अडथळा विटांच्या भिंती, वाळूची पोती, काँक्रीट भरलेली पिंपे, काटेरी तार आणि खिडक्या बुजवलेली जुनी घरे अशा हाताला लागेल त्या वस्तूंनी बनलेला आहे. मधल्या गल्ल्यांतील दुकाने १९७४ मध्ये जशी सोडली तशी ढासळत गेली. एका मोटारविक्रेत्याच्या तळघरात त्या वेळच्या नव्याकोऱ्या मोटारी धूळ खात राहिल्या. शहराच्या पश्चिमेचा आंतरराष्ट्रीय विमानतळ, ज्याची नवी इमारत १९६८ मध्येच सुरू झाली होती, तो लढाईच्या काळात संयुक्त राष्ट्रांनी ताब्यात घेतला आणि त्यानंतर तेथून प्रवासी वाहतूक कधीच सुरू झाली नाही.

शांतिसैनिकांचे काम दिसायला साधे, पण करायला अत्यंत कटकटीचे असते. शस्त्रसंधीच्या दिवशी जी स्थिती होती ती कोणीही बदलू नये, हे त्यांना पाहावे लागते. एखाद्या ठाण्यावर पोत्यांचा नवा थर चढला, बंदूक रोखली गेली, शिवीगाळ झाली किंवा दगड फेकला गेला, तरी त्याची नोंद होते आणि दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांकडे तक्रार जाते. जुन्या शहरात समोरासमोरचे पहारेकरी एकमेकांशी बोलू शकतील इतके जवळ होते, आणि जवळ असल्यामुळेच चकमकी होत. अखेर १९८९ मध्ये शांतिसेनेच्या मध्यस्थीने दोन्ही बाजूंनी शहरातील काही ठाण्यांवरून माणसे मागे घेतली.

जमिनीवर अशी कडेकोट वाटणी झाली असताना जमिनीखाली काय झाले, ही या शहराच्या इतिहासातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट आहे. संपूर्ण निकोसियासाठी एकच भुयारी गटार योजना १९७४ पूर्वीच हाती घेतली होती. युद्धानंतर असे झाले की मैलापाणी शुद्ध करणाऱ्या केंद्राची जागा उत्तरेकडे, मिया मिलिया येथे, गेली. जमिनीचा उतारही त्याच दिशेला. दक्षिणेकडील नळ केंद्राविना निरुपयोगी आणि उत्तरेकडील केंद्र नळांविना निरुपयोगी अशी अवस्था होती. दक्षिणेचे महापौर लेलोस दिमित्रियादिस आणि उत्तरेचे महापौर मुस्तफा अकिंजी यांना एकमेकांचे पद अधिकृतपणे मान्य करणे राजकीयदृष्ट्या अशक्य होते. तरीही १९७८ मध्ये त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आधाराने बोलणी करून ही योजना एकत्र पूर्ण करण्याचे ठरवले आणि १९८० मध्ये ती चालू झाली. तेव्हापासून दक्षिणेकडील मैलापाण्याचा मोठा हिस्सा रेषेखालून उत्तरेकडे जातो, आणि पुढे युरोपीय संघाच्या साहाय्याने त्याच ठिकाणी नवे केंद्रही उभे राहिले.

या दोघांच्या कामातून १९७९ मध्ये ‘निकोसिया मास्टर प्लॅन’ हा संयुक्त नगररचना आराखडा सुरू झाला. दोन्हीकडच्या अभियंत्यांनी आणि वास्तुविशारदांनी शहराचे दोन नकाशे विचारात घेतले: एक रेषा कायम राहील असे धरून आणि दुसरा ती उद्या नाहीशी होईल असे धरून. नवे रस्ते असे आखायचे की आज ते रेषेपाशी थांबले तरी पुढे कधी जोडता यावेत. रेषेलगतच्या ओस पडलेल्या मोहल्ल्यांत, दक्षिणेत ख्रिसालिनिओतिसा आणि उत्तरेत अरब अहमत येथे, जुनी घरे दुरुस्त करून कुटुंबांना पुन्हा राहायला आणण्याचे प्रयत्न झाले. या कामाला २००७ मध्ये आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. राजकीय तोडग्याची वाट पाहत शहर सडू द्यायचे नाही, हा त्यामागचा विचार होता, आणि तो दोन सरकारांच्या आधी दोन नगरपालिकांना सुचला.

असेच दुसरे संयुक्त काम बेपत्ता माणसांच्या शोधाचे आहे. १९६३-६४ आणि १९७४ च्या हिंसाचारात नाहीशा झालेल्या २,००२ जणांची अधिकृत यादी आहे. त्यांत १,५१० ग्रीक सायप्रसी आणि ४९२ तुर्क सायप्रसी आहेत. त्यासाठीची समिती १९८१ मध्ये स्थापन झाली, पण उत्खनन आणि ओळख पटवण्याचे काम खऱ्या अर्थाने २००६ पासून सुरू झाले. जुन्या विमानतळाच्या परिसरातील प्रयोगशाळेत दोन्ही समाजांचे तरुण शास्त्रज्ञ एकत्र बसून अवशेष जुळवतात. हजारांहून अधिक कुटुंबांना आपल्या माणसाचे अवशेष परत मिळाले आहेत. कोणी मारले याचा निवाडा करण्याचा अधिकार समितीला नाही, आणि या मर्यादेबद्दल अनेक कुटुंबांच्या मनात दुःख आहे. मात्र ती मर्यादा नसती तर साक्षीदार बोलले नसते, हेही तितकेच खरे.

१९८३ मध्ये उत्तरेने स्वतंत्र राज्याची घोषणा केली आणि सुरक्षा परिषदेने ती बेकायदा ठरवली. त्यानंतर वीस वर्षे सामान्य माणसाला रेषा ओलांडणे जवळपास अशक्यच होते. जुन्या लेद्रा पॅलेस हॉटेलजवळच्या ठाण्यावरून मुत्सद्दी, शांतिसैनिक आणि काही परदेशी प्रवासी जा-ये करीत, एवढेच. २००२-०३ च्या हिवाळ्यात उत्तरेत एकीकरणाच्या बाजूने मोठी निदर्शने झाली आणि २३ एप्रिल २००३ रोजी तेथील प्रशासनाने अनपेक्षितपणे मार्ग खुला केला. पहिल्याच दिवसांत हजारो लोक तासन्‌तास रांगेत उभे राहिले. अनेक जण आपले जुने घर पाहायला गेले. तेथे दुसरे कुटुंब राहत होते, आणि त्या कुटुंबालाही पुष्कळदा पलीकडचे आपले घर सोडून यावे लागले होते. वर्षभरातच, एप्रिल २००४ मध्ये, संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या एकीकरण योजनेवर सार्वमत झाले. तुर्क सायप्रसींपैकी सुमारे पासष्ट टक्के मतदारांनी होकार दिला, तर ग्रीक सायप्रसींपैकी सुमारे शहात्तर टक्के मतदारांनी नकार. तुर्की सैन्य आणि जुनी मालमत्ता यांविषयीच्या तरतुदी ग्रीक सायप्रसींना पुरेशा वाटल्या नाहीत.

लगेच १ मे २००४ रोजी सायप्रस युरोपीय संघात दाखल झाले आणि एक विलक्षण कायदेशीर स्थिती निर्माण झाली. कागदोपत्री संपूर्ण बेट युरोपीय संघात आहे, परंतु उत्तर भागात संघाचे कायदे स्थगित ठेवलेले आहेत. हिरवी रेषा ही संघाची बाह्य सीमा नाही, तरी तिच्यावर ओळखपत्रे तपासली जातात आणि तिच्यावरून माल नेण्याबाबत संघाचा स्वतंत्र नियम आहे. एखादा परदेशी प्रवासी तुर्कस्तानमार्गे उत्तरेतील एर्जान विमानतळावर उतरला, तर सायप्रस प्रजासत्ताक त्याचा प्रवेश बेकायदा मानते. म्हणून भारतातून जाणाऱ्यानेही दक्षिणेतील लार्नाका किंवा पाफोस येथून प्रवेश करणेच योग्य ठरते.

जुन्या शहराच्या मध्यातील लेद्रा रस्ता ३ एप्रिल २००८ रोजी पादचाऱ्यांसाठी खुला झाला. २०१८ पर्यंत संपूर्ण बेटावर अशी नऊ ठाणी झाली. त्यांपैकी तीन निकोसियात आहेत, आणि मोटारी नेता येतात ते एकच, आयिओस दोमेतिओस येथील. सकाळ-संध्याकाळ तेथे वाहनांच्या लांब रांगा लागतात, कारण हजारो तुर्क सायप्रसी नोकरीसाठी आणि शाळेसाठी दक्षिणेकडे जातात व ग्रीक सायप्रसी खरेदीसाठी आणि पेट्रोलसाठी उत्तरेकडे. मार्च २०२५ मध्ये जिनिव्हा येथे झालेल्या अनौपचारिक बैठकीत आणखी चार ठाणी उघडण्यावर दोन्ही बाजूंची सहमती झाली. ती नेमकी कोठे असावीत यावर मात्र मतभेद राहिले. मोटारींसाठी मिया मिलिया येथे मार्ग मिळावा, अशी तुर्क सायप्रसींची जुनी मागणी आहे.